तिच्यासारखीच

"तुला आवाजाचा त्रास होतो ना?" मी अनुजाला विचारलं.

तिनं मान वर केली नाही. भिंतीला पाठ लावून, मांडी घालून ती जमिनीवर बसली होती. दोन्ही तळवे फरशीवर उपडे ठेवलेले. खालच्या कारखान्यात तिच्या वडिलांचे चार माग चालू होते. फरशी थरथरत होती, खिडकीची काच थरथरत होती, आणि काकींनी, म्हणजे तिच्या आईनं, माझ्यापुढं ठेवलेल्या चहावर बारीक वलयं उठत होती. मी दात घट्ट दाबून बसले होते.

"होतो," अनुजा म्हणाली.

तीन बुधवार मी तिच्याकडं येत होते आणि तीन बुधवार ती एक अक्षर बोलली नव्हती. त्यामुळं त्या एका शब्दानं मला इतका आनंद झाला की घरी जाताना मी दोनदा चुकीच्या गल्लीत वळले. मला वाटलं, सापडली. माझ्यासारखी कुणीतरी सापडली.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि इचलकरंजीतल्या एका कापड कारखान्यात तागे तपासायचे. उजेडाच्या पट्टीवरून कापड सरकत जातं, त्यातला सुटलेला धागा, गाठ, डाग शोधून खूण करायची. तपासणीची खोली मागांपासून लांब होती, दारं बंद असायची, म्हणून ते काम मला जमलं. माणसांचं मात्र जमत नव्हतं. लोक हसले की का हसले, गप्प झाले की का गप्प झाले, हे मी आयुष्यभर कोडं सोडवावं तसं सोडवत आले होते. चोविसाव्या वर्षी एका दुपारी कारखान्याच्या जेवणाच्या खोलीत मी जमिनीवर बसले आणि मला उठताच येईना. त्यानंतर तीन महिने घरात काढले. डॉक्टर ऊर्मिला कारदगे यांनी मला सांगितलं की हा ऑटिझम आहे, आणि इतकी वर्षं तो कुणाच्या ध्यानात न आल्यानं मन खचून गेलंय. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. मी स्वतःत कधीच मग्न नव्हते, बाकीच्यांना समजून घेण्यातच माझा सगळा जीव जात होता.

डॉक्टर कारदगे एका शाळेच्या रिकाम्या वर्गात आमच्यासारख्या तरुणांचा गट चालवायच्या. त्यातले जे थोडे सावरले होते त्यांना त्या 'सोबती' करायच्या. सोबत्यानं आठवड्यातून एकदा नव्या मुलाच्या किंवा मुलीच्या घरी जायचं आणि तासभर बसायचं. ताई-दादा म्हणायचं नाही, एकमेकांना नावानंच हाक मारायची. सल्ला द्यायचा नाही. जिवाचा प्रश्न निघाला तर गुपित ठेवायचं नाही, तिथल्या तिथं डॉक्टरांना कळवायचं. एवढेच नियम. मी ते वहीत लिहून घेतले होते.

अनुजा सातपुते ही माझी पहिली मुलगी. एकोणीस वर्षांची. बारावीला चांगले गुण, कॉलेजात दोन महिने गेली आणि एक दिवस दप्तर तिथंच टाकून चालत घरी आली. तेव्हापासून घराबाहेर पडली नव्हती. कधी कधी भिंतीवर डोकं आपटायची. डॉक्टरांनी ऑटिझम आणि त्यावर आलेली उदासीनता असं निदान केलं होतं, गोळ्या सुरू होत्या.

त्या 'होतो'नंतर ती थोडं थोडं बोलू लागली. एका वेळी एक वाक्य, कधी दोन. बाकी वेळ आम्ही नुसत्या बसायचो. ती तळवे फरशीवर दाबून धरायची, आणि मी समजायचे की खालची थरथर थांबवण्याची तिची ही धडपड आहे. मला कुणी फरशीवर बसवलं असतं तर मीही तेच केलं असतं. मी तिला म्हणायचे, "मला कळतं गं. मीही तुझ्यासारखीच आहे." ती माझ्याकडं बघायची. त्या बघण्याचा अर्थ मला लागत नसे, पण मी तो चांगलाच धरायचे.

सातव्या की आठव्या बुधवारी जिना उतरताना विलासकाकांनी, म्हणजे अनुजाच्या वडिलांनी, मला थांबवलं. अंगावर सुताचे तंतू, केसांत पांढरी लव.

"पोरी, एक विचारू का? डॉक्टर म्हणत्यात, तुमचं दोघींचं दुखणं एकच हाय."

"दुखणं नाही काका."

"तेच गं. म्हंजे तू तिच्यासारखीच. मग तूच सांग मला. हे माग बंद करून लांब कुठं ऱ्हायला गेलो, तर तिला बरं वाटंल का?"

जिन्यात आवाज इतका होता की ते माझ्या कानाशी वाकून बोलत होते. नियम मला पाठ होता. सल्ला द्यायचा नाही. पण माझ्या डोक्यात त्या क्षणी एकच गोष्ट होती, इथून बाहेर पडायचं, आणि मला वाटलं तिच्याही डोक्यात तीच असणार.

"हो," मी म्हणाले. "जितक्या लवकर जाल तितकं बरं."

"नक्की?"

"नक्की. मी तिच्या जागी असते तर केव्हाच गेले असते."

काकांनी जिन्याच्या भिंतीवर पंजा टेकला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाले, "बावीस वर्षं झाली ह्या मागांना. आता जुनेच झाल्यात म्हणा. बरं."

आठवड्याभरानं त्यांनी अनुजाला माझ्यासमोरच विचारलं. "नव्या वसाहतीत फ्लॅट बघितलाय. शांत हाय एकदम. चालेल ना?"

"चालेल," अनुजा म्हणाली.

माग भंगारात गेले. संक्रांतीच्या आधी सातपुते गावाबाहेर तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले.

मी पहिल्यांदा त्या फ्लॅटमध्ये गेले तेव्हा दारातच उभी राहिले. काहीच ऐकू येत नव्हतं. लांब कुठंतरी उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज, तोही विरत गेलेला. मला वाटलं, इथं मी जन्मभर राहीन.

"कसं वाटतंय?" मी अनुजाला विचारलं.

ती गादीवर पडली होती. "कळत नाही."

पुढच्या बुधवारी ती पडलेलीच होती. त्यापुढच्याही. काकी स्वयंपाकघरातून हलक्या आवाजात सांगायच्या, "दोन घास बी पोटात जाईनात बघ. तिकडं निदान जेवत तरी हुती." गोळ्या वेळेवर चालू होत्या. घर शांत होतं. माझ्या हिशेबानं सगळं बरोबर होतं, आणि मुलगी दिवसेंदिवस खाली चालली होती. हे कापडात सापडणाऱ्या चुकीसारखं नव्हतं. चूक दिसत होती, पण कुठून सुरू झाली तेच दिसत नव्हतं.

मग मी ठरवलं की शांतता कमीच पडते आहे. काकींना सांगून खिडकीला जाड पडदे लावले. भिंतीवरचं घड्याळ काढायला लावलं. आणि एका बुधवारी मी माझे स्वतःचे कानावरचे जाड गोळे तिच्यासाठी घेऊन गेले, हेडफोनसारखे, आवाज अडवणारे, ज्यांच्यावाचून मी बाजारात जात नसे. ते कुणाला देणं मला सोपं नव्हतं.

"लावून बघ," मी म्हणाले.

तिनं लावले. क्षणभर ती अगदी स्तब्ध झाली. मग तिनं ते कानांवरून ओरबाडून काढले, भिंतीवर फेकले आणि ओरडायला लागली. त्यात शब्द नव्हते. काकी धावत आल्या, तिला मिठी मारायला गेल्या, तिनं त्यांना ढकललं. मी कोपऱ्यात उभी राहून माझेच कान हातांनी झाकले. सोबती म्हणून आले होते आणि कान झाकून उभी होते.

त्या दिवसाबद्दल मी डॉक्टरांना काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? मलाच समजलं नव्हतं. घरी जाऊन वही उघडली आणि लिहिलं, 'तिला शांतता हवी आहे. तिला शांतता दिली. ती ओरडली.' तिन्ही वाक्यं खरी वाटत होती आणि एकत्र बसत नव्हती.

पुढच्या बुधवारी ती बोलली. छताकडं बघत होती.

"मला नसायचंय."

"म्हणजे इथं नसायचंय? या घरात?"

तिनं भिंतीकडं कूस वळवली.

लहानपणापासून मला घरात एकच गोष्ट शिकवली गेली होती. असं तोंडावर विचारू नये. कुणाला वय विचारू नये, कुणाला का रडतेस विचारू नये. मी कष्टानं ते शिकले होते. पण आता अंदाज करण्याची माझी हिंमत संपली होती. महिनाभर माझे सगळेच अंदाज चुकले होते.

"तू मरायचं म्हणते आहेस का?" मी विचारलं.

"मरायचं नाही. नसायचं."

"मला यातला फरक समजत नाही. सांग."

"मरायला काहीतरी करावं लागतं."

"काही करायचं ठरवलंयस?"

"ठरवलं नाही. पण गॅलरीत गेले की खाली बघत राहते. काल किती वेळ बघत होते ते आईनं सांगितलं तेव्हा कळलं."

पुढं काय करायचं हे वहीत लिहिलेलं होतं, आणि लिहिलेलं असलं की मला जमतं.

"अनुजा, मी हे आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना सांगणार आहे. तुझ्यासमोरच सांगते."

"सांग," ती म्हणाली. ती रागावली की नाही ते मला कळलं नाही.

डॉक्टर फोनवर म्हणाल्या, "गॅलरीचं दार बंद करून घे. काकींना तिच्याजवळ बसव. तिला एकटीला सोडायचं नाही, अंघोळीलासुद्धा नाही. मी निघालेच." अर्ध्या तासात त्या आल्या. गॅलरीला कुलूप लागलं. त्या रात्रीपासून काकी तिच्या खोलीत झोपू लागल्या. गोळ्या बदलल्या. तीन दिवस डॉक्टर रोज येऊन गेल्या.

चौथ्या दिवशी त्यांनी मला दवाखान्यात बोलावलं.

"तुला काय समजलं ते नको सांगूस," त्या म्हणाल्या. "काय बघितलंस ते सांग."

मी वही उघडून पहिल्यापासून वाचत गेले. चहावरची वलयं, फरशीवरचे तळवे, जिन्यातलं बोलणं, पडदे, घड्याळ, कानावरचे गोळे. जिन्यातलं वाचताना माझा आवाज बारीक झाला. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "आवाजाचा त्रास होतो, असं ती म्हणाली. कुठल्या आवाजाचा?"

मी वहीत शोधलं. पुन्हा शोधलं. ते मी विचारलंच नव्हतं.

तिथून मी थेट फ्लॅटवर गेले. बुधवार नव्हता, शनिवार होता. ठरलेल्या दिवसाशिवाय कुणाकडं जाणं मला अवघड जातं, पण गेले. अनुजा उशाला टेकून बसली होती, काकी शेजारी भाजी निवडत होत्या.

"मागं मी तुला विचारलं होतं, आवाजाचा त्रास होतो ना. तू हो म्हणालीस. कुठल्या आवाजाचा?"

अनुजानं एकेक बोट मोडत सांगितलं. "मिक्सर. कुकरची शिट्टी. कॉलेजात एका वेळी सगळी बोलतात तो. आईच्या फोनची रिंग. तुझा."

"माझा?"

"तू फार हळू बोलतेस. पुढचा शब्द कधी येणार तेच कळत नाही. मी ताटकळत राहते."

"आणि मागांचा?"

ती माझ्याकडं बघत राहिली, मी काहीतरी विचित्र विचारल्यासारखी.

"तो आवाज नाही."

"मग काय आहे?"

"फरशीतून येतो तो. हातात येतो, पाठीत येतो. मग मी कुठं आहे ते मला कळतं. आता काहीच येत नाही. हात कुठं संपतो आणि गादी कुठं सुरू होते तेच कळत नाही. तू दिलेले ते गोळे कानावर लावले, तेव्हा तर मी नव्हतेच."

काकींच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

"मग तू 'चालेल' का म्हणालीस?" मी विचारलं. "बाबांनी विचारलं होतं तुला."

"बाबांनी 'चालेल ना' विचारलं. म्हणजे ठरलेलं होतं."

"तरी सांगायचंस. मला तरी."

"तू सारखं म्हणायचीस, मी तुझ्यासारखीच आहे. आणि तुला तो आवाज नको होता. तुझे दात दिसायचे मला, दाबलेले. मला वाटलं, मग मीच चुकत असेन. मला खरं म्हणजे त्रास होत असेल आणि मला तो कळत नसेल."

मी उठले आणि बाहेरच्या खोलीत आले. भिंतीला टेकून उभी राहिले. त्या वेळी मला काय वाटत होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. आयुष्यभर लोकांनी माझ्या जागी स्वतःला ठेवून माझ्याबद्दल ठरवलं होतं. हिला असं वाटत असेल, हिला तसं हवं असेल. त्याचा मला किती राग होता. आणि मला पहिलीच मुलगी मिळाली तर मी तेच केलं. माझ्या शब्दाला वजनही होतं, कारण मी तिच्यासारखीच होते.

संध्याकाळी विलासकाका आले. माग गेल्यापासून ते एका सूत व्यापाऱ्याच्या गोदामात काम करत होते. मी त्यांना उभ्या उभ्याच सांगितलं. काही लपवलं नाही. जिन्यात बोलले ते चुकीचं होतं, मला माहीत नसताना 'नक्की' म्हणाले, हेही सांगितलं.

काकांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"बावीस वर्षं," ते म्हणाले. "तुझ्या एका शब्दावर गेलं की गं सगळं."

"हो."

मी 'हो' म्हणाले हे काकींना आवडलं नसावं, त्यांनी पदर तोंडाला लावला. पण ते खरंच होतं.

मग काका उठले, आत गेले आणि अनुजाच्या गादीच्या कडेला जमिनीवर बसले. दारातून मला त्यांची पाठ दिसत होती.

"पोरी, मी तुला सोडून सगळ्या गावाला विचारत बसलो," ते म्हणाले. "आता तूच सांग. कुठं जायाचं?"

ते बसून राहिले. मग ती म्हणाली, "नागेशकाकांच्या कारखान्यात. रोज. नुसतं बसायला."

नागेश हे काकांचे चुलतभाऊ. जुन्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं त्यांचे सहा माग होते. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर सोमवारपासून काका तिला मोटारसायकलवरून तिथं सोडू लागले. मागांपासून लांब, भिंतीकडेच्या एका पोत्यावर ती बसायची. दुसऱ्या दिवशी तिनं नागेशकाकांच्या डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली. काकींनी मला फोन करून सांगितलं, आणि फोनवरच रडल्या. मला वाटलं काहीतरी बिघडलं. "अगं, खाल्ली म्हणून रडतोय मी," त्या म्हणाल्या, तेव्हा समजलं.

यानं ती बरी झाली असं मी म्हणणार नाही. गोळ्या पुढं बरीच वर्षं चालल्या. नंतर दोनदा ती पुन्हा घसरली, एकदा दवाखान्यात ठेवावं लागलं. पण सहा महिन्यांनी ती त्या कारखान्यात मागांसाठी सूत गुंडाळून कांड्या भरण्याचं काम करू लागली होती, आणि आज ती स्वतः दोन मुलींची सोबती आहे. डॉक्टर म्हणतात, ती फार प्रश्न विचारते.

पण मला सांगायचा आहे तो त्या सोमवारनंतरचा बुधवार, कारखान्यात जायला लागल्यावरचा पहिलाच. या वेळी तिच्या घरी नाही, गटाच्या त्या शाळेच्या वर्गात आम्ही भेटणार होतो. मी आधीच डॉक्टरांना सांगून टाकलं होतं की मला हे काम सोडायचं आहे. त्या म्हणाल्या होत्या, ते अनुजाला तू सांग.

दुपारची वेळ होती, मुलं घरी गेली होती. अनुजा आली आणि बाकावर न बसता जमिनीवर बसली. मीही बसले.

"मी आता येणार नाही," मी नेहमीपेक्षा भराभर बोलायचा प्रयत्न करत म्हणाले. "मी सोबती राहणार नाही. दुसरं कुणीतरी येईल."

"का?"

"कारण मी चुकले."

"हो. चुकलीस," ती म्हणाली. मग तिनं विचार केला. "दुसरी आली तर तीही चुकेल. मग तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. तुझं निदान एकदा चुकून झालंय."

ती चिडून बोलत होती, की गमतीनं, की सरळच? मला अजिबात कळलं नाही. मी विचारलं, "तू चिडली आहेस का?"

"थोडी आहे. पण ये."

"येऊन काय करू? मला तर वाटलं होतं, मला तुझ्याबद्दल सगळं माहीत आहे."

"मला तुझ्याबद्दल काहीच माहीत नाही," अनुजा म्हणाली. "तुला काय नको असतं ते माहीत आहे. तुला काय आवडतं?"

सत्तावीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मला काय सहन होत नाही याची मोठी यादी तयार होती, डॉक्टरांच्या फायलीत टाइप केलेली. ही यादी मी कधी केलीच नव्हती.

"वेळ लागेल," मी म्हणाले.

"लागू दे."

ती बसून राहिली. माझ्याकडं बघत नव्हती, मोबाइलकडंही बघत नव्हती. नुसती थांबली होती. वर्गाच्या फळ्यावर कुणीतरी अर्धवट पुसलेला सुविचार होता, तो मी चार वेळा वाचला. शिपाई येऊन खिडक्या लावून गेला.

"साबुदाणा," मी शेवटी म्हणाले. माझे कान तापले होते, कारण हे मी आईलाही कधी सांगितलं नव्हतं. "भिजवलेला. फुगल्यावर त्यात हात घालायला मला आवडतं. कोपरापर्यंत. घरी कुणी नसलं की मी घालते."

अनुजानं त्या दुपारी पहिल्यांदाच मान वर करून सरळ माझ्याकडं पाहिलं. तिचं तोंड वाकडं झालं होतं.

"ई," ती म्हणाली. "मला तर ऐकूनच कसंतरी झालं. अजून सांग."